पिक्चरमधला सुभेदार

जयमाला बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवत होती आणि दर वर्षी जूनमध्ये नव्या वर्गाला ती एक गोष्ट सांगायची. पुस्तकातली नव्हे, स्वतःच्या घरातली. पहिल्या आठवड्यात पोरं बुजलेली असत. कुणी दप्तर पोटाशी धरून बसलेलं, कुणी दाराकडे बघत हुंदके देणारं. ती खडू खाली ठेवायची आणि म्हणायची, "माझा कुत्रा पिक्चरवाल्यांबरोबर मुंबईला गेला, ते सांगू का तुम्हाला?"

रडणारं पोर रडायचं विसरून जायचं.

गोष्ट एक्क्याऐंशी सालची. जयमाला तेव्हा नऊ वर्षांची होती. पारनेर तालुक्यातलं तिचं गाव म्हणजे राळेगणसिद्धीच्या दोन टेकड्या पलीकडची शे-दीडशे घरं. एसटी दिवसातून एकदा यायची आणि तीही कधीकधी यायची नाही. अशा गावात माघ महिन्यात एके दिवशी चार मोटारी, एक ट्रक आणि पन्नासेक माणसं येऊन उतरली. मराठी पिक्चर काढायचा होता. पिक्चरचं नाव 'सोबती बहादूर'. त्यात हिरो होता, हिरॉइन होती, पण बघायला गाव लोटलं ते बहादूरला. बहादूर म्हणजे अल्सेशियन कुत्रा. त्याचे आधीचे दोन पिक्चर गाजलेले, नगरच्या पानटपऱ्यांवर त्याच्या फोटोची कॅलेंडरं लटकलेली. तो पांढऱ्या अँबॅसिडरच्या मागच्या सीटवर बसून आला आणि त्याच्यासाठी कुणीतरी दार उघडेपर्यंत खाली उतरला नाही. हे जयमालाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिच्या घरीही कुत्रा होता. तिचा मामा भिंगारला लष्कराच्या छावणीत माळी होता, त्यानं तिथून एक पिल्लू आणून दिलेलं. आई गावठी, बाप पलटणीतला, असं मामा सांगायचा. अंगानं, रंगानं ते बापावर गेलं होतं. फौजेतून आलं म्हणून जयमालाने त्याचं नाव सुभेदार ठेवलं, आणि हाक मारताना सुभ्या.

बहादूर आणि सुभेदार शेजारी उभे केले तर लांबून कुणाला फरक कळला नसता; जवळ गेलं तरच सुभेदारचा टोकाशी मुडपलेला डावा कान दिसायचा. पिक्चरवाल्यांनाही त्याचं नवल वाटलं. जयमालाच्या गोष्टीत पुढं असं होतं की बहादूरला सुभेदारचा लळा लागला, तो सुभेदार असल्याशिवाय जेवेना, काम करेना. म्हणून शूटिंग संपल्यावर त्याच्या मालकानं जयमालाच्या वडलांना, सहादूला, हात जोडून विनंती केली आणि सुभेदार त्याच पांढऱ्या गाडीत बसून मुंबईला गेला. जयमाला त्या दिवशी भिंगारला मामाकडे होती. परत आली तर सुभेदार गेलेला. ती दोन दिवस जेवली नाही. मग हळूहळू रडण्याची जागा अभिमानानं घेतली, आणि तो अभिमान काही केल्या उतरला नाही.

"आणि शिवाय," ती शेवटी म्हणायची, "त्या पिक्चरमध्ये माझा आवाज आहे." तेही खरं होतं, म्हणजे तिला खरं वाटत होतं. शूटिंगमधल्या टेपवाल्यानं एकदा तिच्यापुढं माईक धरून सांगितलं होतं, तुझ्या कुत्र्याला बोलावतेस तशी हाक मार. तिनं मारली, "सुभ्या, ये रं ये, भाकर खा ये!" तीन वेळा. मग त्यानं टेप उलटी फिरवून तिचा आवाज तिलाच ऐकवला. आपला आवाज आपल्या बाहेरून येतो, हे तिनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं.

पिक्चर मात्र गावात कुणीच पाहिला नाही. नगरला एका टॉकीजमध्ये तो आठवडाभर लागला आणि उतरला. सहादू नेतो नेतो म्हणाला आणि नेमका त्याच आठवड्यात तापानं पडला. पुढं कधी टीव्हीवरही आला नाही.

नवरा वारल्यावर जयमालाने बदली मागून घेतली आणि ती आपल्याच गावच्या शाळेत, आपल्याच वडलांच्या घरी राहायला आली. आई आक्काबाई आधीच गेलेली. सहादू चौऱ्याऐंशी वर्षांचा. अजून सकाळी बुद्धविहारापर्यंत काठी टेकत जायचा, येताना दूध घेऊन यायचा. जयमालाचा मुलगा सम्राट नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात होता, तो शनिवार-रविवार यायचा.

या दिवाळीत सम्राटनं मोबाईलमधून मान वर केली आणि ओरडला, "आई! सोबती बहादूर!"

कुणीतरी जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून तो पिक्चर इंटरनेटवर टाकला होता. एकशे दहा लोकांनी पाहिलेला. जयमालाने हातातला करंजीचा झारा तसाच धरून मोबाईलवर नाव वाचलं. नाव धुरकट होतं, पण तेच होतं.

"लावू?" सम्राट म्हणाला.

"नको! थांब. लावू नको." तिचे डोळे चमकले. "पेनड्राईव्हवर घे. शाळेत टीव्ही आहे ना मोठा. पोरांबरोबरच बघायचा. बत्तीस वर्षं सांगतेय मी, आता दाखवते."

ओट्यावर बसलेल्या सहादूनं चहाची बशी खाली ठेवली. "काय बघायचंय त्या जुन्या डबड्यात?"

"आबा, अहो सुभेदार दिसेल कदाचित. बहादूरबरोबर बसलेला-बिसलेला."

"न्हाई दिसायचा त्यो. पोरं कट्टाळतील. सम्राट, पुस ते मोबाईलातनं."

"आजोबा, ते माझं नाही, सगळ्या जगाचंय," सम्राट हसत म्हणाला. "पुसता येत नाही."

बशीतला चहा सहादूनं तसाच गार होऊ दिला.

सुट्ट्या संपल्यावरच्या पहिल्या शनिवारी, सकाळच्या शाळेत, बेत ठरला. पहिली ते चौथीची एक्केचाळीस पोरं एकाच खोलीत सतरंज्यांवर दाटीवाटीनं बसली. जोडीचे शिक्षक गोरक्षनाथ सर यांनी खिडक्यांना जुन्या चादरी लावून अंधार केला. गोजरबाईही आल्या. साठी ओलांडलेल्या गोजरबाई गावातल्याच; तेव्हा नवी नवरी होत्या आणि पिक्चरमधल्या पाणवठ्याच्या गर्दीत त्यांना डोक्यावर घागर घेऊन चालायला लावलं होतं. आज त्या ठेवणीतलं लुगडं नेसून खुर्चीवर बसल्या होत्या. सहादूला बोलवायला जयमाला स्वतः घरी गेली, तर तो पांघरूण घेऊन पडलेला. "प्वाट दुखतंय," म्हणाला. "तुमी बगा."

पिक्चर सुरू झाला आणि दहा मिनिटांत जयमालाच्या लक्षात आलं की तो अगदीच टुकार आहे.

हिरो वयानं बराच थोराड होता आणि शाळकरी मुलासारखा उड्या मारत होता. हिरॉइन विनाकारण गात होती. जिथं तिथं एक जाडा स्मगलर येऊन गडगडाट करून हसायचा. चित्र मधूनच वाकडं व्हायचं, आवाज आधी यायचा आणि ओठ मागाहून हलायचे. आणि बहादूर? ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो बहादूर बहुतेक वेळ नुसता बसलेला. कुणीतरी संवाद म्हणायचं, मग कॅमेरा त्याच्या तोंडावर, तो जीभ बाहेर काढून धापा टाकतोय. पुन्हा संवाद, पुन्हा जीभ. एका ठिकाणी तो पंजानं टेलिफोनचा रिसीव्हर खाली पाडतो आणि सगळे म्हणतात, 'किती हुशार!'

"मॅडम, ह्यो कवा काय करनार?" चौथीतला हर्षल म्हणाला.

"थांब की जरा."

"आमच्या वस्तीवरचं कुत्रं यापेक्षा भारी हाय. रानडुकराच्या मागं लागतं."

पोरं हसली. पाणवठा आला तेव्हा सगळ्यांनी गोजरबाईंना शोधलं. आठ बायकांच्या पाठी दिसल्या आणि गेल्या. "त्यातली तिसरी मी," गोजरबाई म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज पडला होता. तिसरीतली अलिझा भिंतीला टेकून पेंगू लागली. जयमाला कानात प्राण आणून ऐकत होती. कुठंतरी आपली हाक येईल. अजून आली नव्हती.

मग कड्याचं दृश्य आलं.

गावाच्या खालच्या अंगाला ओढा आहे, त्याला एका ठिकाणी उंच कातळकडा आहे आणि कड्याखाली डोह. पोरांनी जागा ओळखली आणि एकच गलका केला. "मॅडम, आपला कडा! आपला डोह!" पेंगणारी पोरं जागी झाली. पिक्चरमध्ये स्मगलरच्या माणसांनी हिरोच्या मुलाला डोहात फेकलं होतं. वर कड्यावर बहादूर आला. त्याचं तोंड जवळून दिसलं, तो भुंकला. संगीत जोरात वाजू लागलं.

मग चित्र लांब गेलं. कड्याच्या टोकाशी कुत्रा उभा. जयमालाने डोळे बारीक करून पाहिलं.

त्या कुत्र्याचा डावा कान टोकाशी मुडपलेला होता.

कुत्रा टोकापर्यंत आला. खाली बघितलं. दोन पावलं मागं सरला. त्याच्या गळ्यात काहीतरी होतं, दोरी, आणि ती चित्राच्या कडेबाहेर कुणाच्या तरी हातात गेलेली. कुत्र्यानं मान वाकडी केली, कुठूनतरी काही ऐकल्यासारखी. आणि त्याची शेपूट हलू लागली. अशी हलू लागली की मागचं सगळं धडच डावी-उजवीकडे डुलू लागलं. तसा डुलणारा कुत्रा जयमालाने आयुष्यात एकच पाहिला होता. त्यानं एकदा मागं, दोरी धरलेल्या माणसाकडे बघितलं. दोरी सैल पडली.

त्यानं उडी मारली.

कॅमेरा त्याच्याबरोबर खाली आला. डोहात पाणी फारसं नव्हतंच. पाणी उडालं ते थोडंसंच, आणि त्या उडालेल्या पाण्यात एक खडक क्षणभर दिसला, आणि खडकावर कुत्रा. त्याचं अंग मधोमध नको तसं वाकलं होतं. एवढं दिसलं आणि चित्र तुटलं. पुढच्या चित्रात बहादूर पोराची कॉलर दातात धरून काठावर येत होता. दोन्ही कान ताठ. पाठ कोरडी ठणठणीत.

मग हर्षलचा आवाज आला, "मॅडम, ह्यो दुसरा कुत्रा हाय. मगाच्याचा एक कान पडलेला हुता. त्यो कुठं गेला?"

"अगं बाय," गोजरबाई खुर्चीतून पुढं वाकल्या. "जयमाले, त्यो तर तुमचा सुभ्या हुता गं!"

टीव्हीवर हिरो बहादूरला मिठी मारून रडत होता. जयमाला उभी होती की बसली होती, तिला आठवत नाही. गोरक्षनाथ सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता टीव्ही बंद केला. "चला रे, आज लवकर सुट्टी," ते म्हणाले. पोरं रोज सुट्टी झाली की आरडाओरडा करतात. त्या दिवशी चपला शोधत गुपचूप गेली.

खोली रिकामी झाल्यावर तिनं टीव्ही पुन्हा लावला. उडीपर्यंत आणला. एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, तिसऱ्या वेळी दोरी सैल पडते तिथं थांबवलं. चित्राच्या अगदी कडेला, कॅमेऱ्याजवळ, दोन हात होते. मनगटापर्यंतच. उजव्या मनगटावर हिरवट गोंदण, विंचवाचं. असे विंचू तालुक्यात शंभर जणांच्या हातावर असतील, असं तिनं मनाशी म्हटलं. पण ज्याचा हात धरून ती चालायला शिकली, तो विंचू तिला शंभरांत ओळखू आला असता.

घरी आली तेव्हा सहादू पांघरुणात नव्हता. डोक्याला टोपी घालून, अंगात धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसला होता, पाहुणा यायचा असल्यासारखा.

"बगितलं?" त्यानंच विचारलं.

"आबा, सुभेदार मुंबईला गेला नव्हता."

"न्हाई."

ती त्याच्यासमोर जमिनीवरच बसली. "सांगा."

सहादूनं काठी आडवी मांडीवर घेतली. "त्या बहादूरचा मालक म्हणला, माझं जनावर कड्यावरनं उडी मारनार न्हाई. लई नाजूक काम हाय, त्याला काय झालं तर पुढचे पिक्चर बुडतील. मग डायरेक्टरची नजर गेली सुभ्यावर. लांबनं कोन वळखतंय, म्हणला. मी म्हणलं साहेब, त्यो पोरीचा जीव हाय. तर पाटील मधी पडले. म्हणले, सहादू, गावाचं नाव पिक्चरात येतंय, आन तू एका कुत्र्यापायी अडून बसतो व्हय? पिक्चरवाले समदे बघत हुते. तवा आपली आळी कशी ऱ्हायची, तुला ठाव न्हाई जयमाले. पाटलानं मागितलं आन आपन न्हाई म्हणलं, असं कदी झालंच नव्हतं. मला त्यो शब्दच येत नव्हता."

"आणि मला भिंगारला..."

"तुज्या आयनं धाडलं. तू मधी आली असतीस म्हनून."

जयमालाला आईचा चेहरा आठवला. एसटीत बसवताना तिनं केसांना दोनदा तेल लावून दिलं होतं. दोनदा का, हे तेव्हा कळलं नव्हतं.

"पानी हाय म्हणले खाली," सहादू सांगत राहिला. "गावातल्या कुनाला कड्याकडं येऊ दिलं नव्हतं त्यांनी. मी बी म्हणलं, पवतंय ते, निगंल. पर माघ सरत आलेला, पानी कमरंइतकं बी नव्हतं, वरनं कळंना. सकाळपास्नं तीनदा कड्यावर नेलं त्याला. उडी मारंना. मागं मागं सरायचं. जनावराला कळतं. मी म्हणलं साहेब, ऱ्हाऊ द्या, न्हाई व्हायचं त्याच्याच्यानं. मला बरं वाटलं हुतं, खरं सांगतो. म्हणलं सुटलो." त्यानं काठी मांडीवरून खाली ठेवली. "मग त्यो टेपवाला म्हणला, पोरीचा आवाज हाय की आपल्याकडं."

जयमालाने मान वर केली.

"खाली दगडाच्या आड कर्णा ठिवला त्यांनी. आन वाजवलं. 'सुभ्या, ये रं ये, भाकर खा ये.' हुबेहूब तू. मला बी वाटलं, ही पोर भिंगारास्नं आली कवा! त्याला वाटलं, तू खाली हाईस. शेपूट हलवाय लागलं. माज्याकडं बगितलं, जाऊ का म्हनून. मी... मी दोरी सोडली."

रस्त्यावरून दुधाचा टेम्पो गेला. त्याचे कॅन खडखडले आणि लांब जाऊन शांत झाले.

"त्यासाठीच घेतला होता का माझा आवाज?" तिनं विचारलं.

"आदी कशासाठी घेतल्ता, मला ठाव न्हाई. लागला त्याच्यासाठी."

जयमालाला ओरडायचं होतं. चव्वेचाळीस वर्षांत किती वेळा, किती पोरांपुढं हसून सांगितलं, त्या पिक्चरमध्ये माझा आवाज आहे म्हणून! आणि हा माणूस शेजारी बसून ऐकत होता. तिच्या लग्नात व्याह्यांना हीच गोष्ट सांगितली गेली, तेव्हाही ऐकत होता. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. आपला आवाज बाहेर काढायचीच तिला भीती वाटली.

सहादूच बोलला. "तू एस्टीतनं उतरली ती पळतच आलीस. सुभ्या कुठाय, म्हणलीस. माज्या तोंडाला आलं ते बोललो. दुसऱ्या दिशी खरं सांगनार हुतो, आयशपत. पर तवर तू समद्या आळीला सांगून आली हुतीस. नाचत हुतीस."

त्यानंतर शनिवारची दुपार आणि रविवार ती वडलांशी एक शब्द बोलली नाही. भाकरी थापायची, ताट त्याच्यासमोर ठेवायची, उठून जायची. सहादू जेवायचा की तुकडा मोडून ठेवून द्यायचा, तिनं पाहिलं नाही. सम्राट आला, त्याला सगळं कळलं. संध्याकाळी हळूच म्हणाला, "आई, आजोबांचं वय बघ. आणि तेव्हाचे दिवस बघ. त्यांच्या हातात काय होतं?"

"दोरी होती," जयमाला म्हणाली.

मग तिला स्वतःच्याच बोलण्याचा चटका बसला. रात्रभर ते वाक्य तिला टोचत राहिलं. दोरी खरी, पण ती ओढून धरायला माणसाच्या पायाखाली जमीन लागते, आणि ती त्याच्या पायाखाली नव्हती हेही खरं. दोन्ही खरंच होतं. एकानं दुसरं खोटं ठरेना, आणि सुभ्याची हलणारी शेपूट तर कशानंच पुसली जाईना.

सोमवारी शाळा भरली. हजेरी झाली. तिनं फळ्यावर तारीख लिहिली आणि वळली तर एक्केचाळीस तोंडं तिच्याकडेच बघत होती. सगळे वर्ग पुन्हा एकाच खोलीत येऊन बसलेले. गोरक्षनाथ सरांनी त्यांना अडवलं नव्हतं.

हर्षल उठून उभा राहिला. "मॅडम, तुमच्या कुत्र्यानं डबल रोल केलता का? का दुसरा हुता त्यो? आणि मग मुंबईला कोन गेलं?"

तिनं खडू टेबलावर ठेवला. सांगायला सुरुवात केली, "मुलांनो, मी तुम्हाला जे सांगत होते, ते..." पोरं वाट बघत होती. वाट बघताना पोरांच्या तोंडावर जो भरवसा असतो, तो तिला सोसवेना.

"येऊ का आत?"

दारात सहादू होता. घरापासून शाळा लांब नव्हती, पण मधे चढ होता. त्याची छाती भात्यासारखी हलत होती. शाळेत तो आजवर झेंडावंदनालाच काय तो आला असेल. त्यानं चपला बाहेर काढून ठेवल्या.

गोरक्षनाथ सरांनी खुर्ची पुढं केली. सहादू बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि पोरांकडे बघत म्हणाला, "तुमच्या म्याडम खोटं बोलल्या न्हाईत. त्यास्नी मीच खोटं सांगितलं हुतं. ती दोरी दिसली ना तुमाला? ती माज्या हातात हुती."

आणि त्यानं सगळं सांगितलं. पाटलाचं सांगितलं, कर्ण्याचं सांगितलं. काही गाळलं नाही, स्वतःला वाचवलं नाही. पहिलीतल्या दोन पोरी रडू लागल्या तेव्हा तो थांबला, त्या सावरेपर्यंत थांबून राहिला, आणि मग पुढं सांगू लागला. जयमाला फळ्याला पाठ टेकून उभी होती. शनिवारी तिला सांगताना त्यानं जे सांगितलं नव्हतं, तेही आता येत होतं. सुभेदारला पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरेजला बांधलं होतं. पारनेरला ढोराच्या दवाखान्यात न्यायचं होतं. सायकल पाटलाच्याच वाड्यातून न विचारता उचलली होती. "तेवडं एकच काम म्या त्या दिशी न विचारता केलं," सहादू म्हणाला. "पर उशिरा केलं."

"वाचला का त्यो?" हर्षलनं विचारलं, जरी उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"न्हाई. चढावर गेला. रस्त्याच्या कडंला एक बाभळ हुती, तिच्या बुडाशी पुरला. पुढं रस्ता रुंद झाला तवा ती बाभळ बी गेली. आता जागा दावाय सांगशाल तर घावायची न्हाई मला."

अलिझानं हात वर केला. "आजोबा, तुम्ही नंतर दुसरा कुत्रा पाळला का?"

"न्हाई पाळला."

"का?"

"माज्याकडं भरवशानं बगनारं जनावर मला दारात नको वाटलं, बाय."

पोरं चुळबुळ करत होती, पण उठत कुणीच नव्हतं. बाहेर खिचडी शिजत होती, मधल्या सुट्टीची वेळ होत आली होती. जयमालाला एक विचारायचं होतं. शनिवारपासून ते मनात होतं, आणि ते विचारलं तर काय उत्तर येईल याची तिला धास्ती होती. वडील पुन्हा एकदा गोड खोटं बोलतील, याची. आणि कदाचित बोलणार नाहीत, याचीही.

"आबा," ती म्हणाली. दोन दिवसांत तिनं त्याला मारलेली ती पहिलीच हाक होती. "त्याला फार त्रास झाला का?"

सहादूनं तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. खोटं बोलायला किती सोपं होतं! तिला दिसत होतं, तो शब्द शोधतोय.

"झाला," तो म्हणाला. "लई झाला. समद्या रस्त्यानं कन्हत हुता. मी सायकल ढकलत हुतो आन त्याच्याशी बोलत हुतो."

जयमाला फळ्यापासून सुटली. खाली सतरंजीवर, अलिझाच्या शेजारी, पोरांमध्ये जागा करून बसली. पदरानं तोंड पुसलं.

"काय बोलत होतात?" तिनं विचारलं. "सांगा."